सोलापुरात मोठी फिल्म: कमी खर्चातला कॅमेरा, घरची डार्करूम आणि एन्लार्जरशिवाय प्रिंट

लार्ज फॉरमॅट, म्हणजे ४×५ इंच किंवा त्याहून मोठी फिल्म, म्हटलं की बहुतेक जण खर्चाच्या धास्तीनेच मागे फिरतात. ४×५ इंचाच्या एका शीट फिल्मची किंमत ऐकली की धास्ती खरीही वाटते. पण हिशोब पूर्ण मांडून बघा. ३५ मि.मी.च्या निगेटिव्हवरून भिंतीवर लावण्याजोगा प्रिंट काढायचा तर एन्लार्जर (चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र) हवा, त्याची लेन्स हवी, तो ठेवायला कायमची जागा हवी. ५×७ इंचाची निगेटिव्ह मात्र कागदावर ठेवायची, वरून काच दाबायची आणि बल्ब लावायचा, झाला प्रिंट. कॅमेरा मोठा झाला की डार्करूम लहान होते. कमी पैशांत हे काम करायचं असेल तर पुढचे सगळे निर्णय याच हिशोबाने घ्यावेत: निगेटिव्ह प्रिंटच्या मापाची, फिल्म एक्स-रेची आणि मुख्य काम थंडीच्या दिवसांत.

थंडी का, हे सोलापूरकराला सांगायला नको. फिल्म डेव्हलप करायला २० ते २४ अंशांचं पाणी लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री ते फारसं काही न करता मिळतं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, आणि नळाला पाणी येणार काही दिवसांआड. तेव्हा उन्हाळ्यात काय करायचं ते शेवटी सांगतो. आधी कॅमेरा.

माप ठरवा, मग कॅमेरा शोधा

४×५ चे होल्डर (फिल्म धरणाऱ्या चपट्या चौकटी), लेन्स आणि सुटे भाग जगभर सहज मिळतात, पण त्याचा कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह कागदावर दाबून काढलेला प्रिंट, पोस्टकार्डाहूनही थोडा लहान भरतो. ८×१० चा प्रिंट देखणा दिसतो, मात्र कॅमेरा, होल्डर, लेन्स, ट्रे सगळंच महाग आणि जड. माझं मत ५×७ किंवा त्याच्या जवळपासच्या जुन्या हाफ प्लेटला. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंत हेच माप चालायचं. हातात धरून बघण्याजोगा प्रिंट मिळतो आणि रसायनं अर्धा लिटरमध्ये भागतात.

जुना सागवानी फील्ड कॅमेरा मिळाला तर उत्तम. केरळात आलप्पुळ्याला बनणारे वागीश्वरी कॅमेरे एके काळी देशभरच्या स्टुडिओंत असत. अजूनही एखाद्या पेठेतल्या जुन्या स्टुडिओच्या माळ्यावर असा कॅमेरा धूळ खात पडलेला असू शकतो. तिथे जाऊन थेट किंमत विचारू नका. मालक काकांना आधी कॅमेरा चालवून दाखवायला सांगा. ते अर्धा तास जे बोलतील त्याची किंमत कॅमेऱ्याहून जास्त असते. बघायच्या गोष्टी तीनच. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या (लेन्स आणि पाठ यांना जोडणाऱ्या घडीच्या भागाच्या) आत टॉर्च लावा, बाहेर उजेडाचे ठिपके दिसले तर भोकं आहेत. कोपऱ्यांवरची चार-दोन भोकं काळ्या कापडाची पट्टी चिकटवून बुजतात, पण भाता सगळीकडे तडकला असेल तर नवा करावा लागेल. दुसरी लेन्स: टॉर्चच्या उजेडात बुरशीची जाळी दिसते का ते पाहा. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे होल्डर. कॅमेरा आहे पण होल्डर नाहीत, असा सौदा करूच नका. जुने होल्डर काचेच्या प्लेटसाठी असतील तर फिल्म बसवायला पातळ पत्र्याचे शीथ लागतात, तेही सोबत मागून घ्या.

कॅमेरा नाहीच मिळाला तर पेटी कॅमेरा करा. एकात एक सरकणाऱ्या दोन प्लायच्या पेट्या, पुढच्या पेटीला लेन्स, मागच्या पेटीला घासलेली काच (हिच्यावर चित्र बघायचं) आणि होल्डर. भाता लागत नाही. ५×७ ला २१० मि.मी.ची लेन्स नेहमीच्या नजरेसारखं चित्र देते. या लेन्सला दूरच्या दृश्यासाठी काचेपासून २१० मि.मी. अंतर लागतं आणि दीड मीटरवरच्या माणसासाठी साधारण २४५. म्हणजे पेटी जेमतेम ३५ मि.मी. सरकली तरी पोर्ट्रेटपासून किल्ल्याच्या तटापर्यंत सगळं जमतं. दोन पेट्यांमधल्या फटीत काळी मखमल चिकटवा, आतून काळा मॅट रंग द्या. चकचकीत ऑइल पेंट अजिबात नको.

लेन्ससाठी छापखान्यांच्या जुन्या प्रोसेस कॅमेऱ्यांकडे लक्ष ठेवा. छपाईच्या प्लेटसाठी पानांचे फोटो काढायला एके काळी मोठ्या ऑफसेट प्रेसमध्ये असा कॅमेरा असायचा. त्यांच्या लेन्स एफ/९ किंवा त्याच्या आसपासच्या, म्हणजे मंद असतात (एफ आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान), पण धार अप्रतिम. शटर नसतं. ते कसं निभावायचं हे पुढे येईल.

घासलेली काच घरीच होते. २-३ मि.मी. जाडीच्या काचेचे दोन तुकडे घ्या, मध्ये सिलिकॉन कार्बाइडची बारीक पूड (४०० ते ६०० नंबर) आणि थोडं पाणी, आणि गोल गोल घासत राहा. काच पुसून उजेडात धरली की एकसारखी दुधी दिसली पाहिजे. बसवताना घासलेली बाजू लेन्सकडे. काचेची ही बाजू आणि होल्डरमधली फिल्म, दोन्ही लेन्सपासून बरोबर सारख्याच अंतरावर यायला हव्यात. ४×५ च्या प्रमाणित होल्डरमध्ये फिल्म कडेपासून सुमारे ५ मि.मी. आत बसते. इतर मापांत स्वतःचा होल्डर मोजून घ्या. इथे एक मिलिमीटर चुकला तर पुढचं सगळं काम धूसर होतं.

फिल्म: एक्स-रेचा बॉक्स

इलफर्डची एचपी५ प्लस, एफपी४ प्लस, फोमाच्या शीट फिल्म या सगळ्या चांगल्या, पण शिकताना त्या वाया घालवणं परवडत नाही. शिकायला एक्स-रे फिल्म घ्या. सोलापूर हे सोलापूर-धाराशिवपासून कर्नाटकातल्या सीमेवरच्या गावांपर्यंतचं दवाखान्यांचं शहर, त्यामुळे सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात आणि इतरत्र वैद्यकीय साहित्याचे पुरवठादार कमी नाहीत. मागताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. हायपोत (फिल्म पक्की करणाऱ्या रसायनात) धुवायची ओली फिल्म हवी. हल्ली दवाखान्यात डिजिटल प्रिंटसाठी वापरतात ती ड्राय फिल्म आपल्या कामाची नाही, ती डेव्हलपरमध्ये उमटत नाही. आणि ग्रीन सेन्सिटिव्ह हवी. ब्लू सेन्सिटिव्ह चालते, पण ती फक्त निळा उजेड ओळखते.

बॉक्सवरची मापं इंचात असतात. १०×१२ घेतली तर एका शीटमधून ५×७ चे दोन आणि ४×५ चे दोन तुकडे निघतात, शिवाय दोन इंची पट्टी उरते, ती चाचणीला. ८×१० मधून ४×५ चे सरळ चार. कापताना प्रत्येक बाजू दीड-दोन मि.मी. कमी ठेवा, नाहीतर होल्डरमध्ये जाणार नाही. टोकदार कोपरे कात्रीने किंचित गोल करा, कारण तेच शेजारच्या शीटला ओरखडे काढतात.

या फिल्मचा सगळ्यात मोठा फायदा नवशिक्याला होतो: ती लाल उजेडात हाताळता येते. कापणं, होल्डरमध्ये भरणं, डेव्हलप होताना बघणं, सगळं डोळ्यांदेखत. नेहमीची पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग ओळखणारी, फिल्म मिट्ट काळोखात चाचपडत भरावी लागते.

तोटेही ऐकून ठेवा. लाल रंग तिला दिसत नाही, म्हणून ओठ गडद येतात, कुंकू काळंभोर, लाल-मरून चादर कोळशासारखी. गव्हाळ-सावळी त्वचा आहे त्याहून काळी आणि खरबरीत दिसते. कुणाचं पोर्ट्रेट काढण्याआधी हे त्यांना सांगितलेलं बरं. आकाश पांढरं फटक येतं. ग्रीन सेन्सिटिव्ह फिल्मला पिवळा फिल्टर लावला तर थोडा फरक पडतो, पण उजेड बराच खर्ची पडतो. आणि इमल्शन, म्हणजे चित्र उमटणारा जिलेटिनचा थर, दोन्ही बाजूंना असतं, तेही मऊ. नख लागलं तरी ओरखडा.

फिल्मच्याही आधी नुसत्या फोटो पेपरवर निगेटिव्ह काढून बघता येते. आरसी पेपर (प्लास्टिकचा थर असलेला फोटो पेपर) होल्डरमध्ये भरायचा, कॅमेऱ्यात एक्स्पोज करायचा, ट्रेमध्ये उमटवायचा. त्याचा वेग आयएसओ ६ च्या आसपास धरा. कॉन्ट्रास्ट फार येतो, म्हणून भर दुपारचं ऊन टाळा. कॅमेऱ्यात उजेड कुठून शिरतो, फोकस जुळतो की नाही, हे तपासायला याहून स्वस्त साधन नाही.

फोटो काढताना

भुईकोट किल्ल्याचा तट किंवा इंद्रभुवनाची दर्शनी बाजू, दोन्ही सरावाला नामी. इंद्रभुवनासमोर साधा कॅमेरा वर तिरपा केला की इमारत मागे झुकल्यासारखी दिसते. इथे कॅमेऱ्याची पाठ लंबकासारखी सरळ ठेवायची आणि फक्त लेन्सची पाटी वर सरकवायची. वरची नक्षी चौकटीत येते, खांब सरळ राहतात. मात्र लेन्सचं प्रकाशवर्तुळ, म्हणजे ती पाडते ते गोल चित्र, फिल्मच्या कर्णापेक्षा मोठं असेल तितकंच सरकवता येतं. त्यापुढे कोपरे काळे होतात. पेटी कॅमेऱ्यात लेन्सच्या पाटीला एकाखाली एक दोन खाचा ठेवल्या तरी हे काम होतं. सिद्धेश्वर तलावाच्या पायरीपासून मंदिरापर्यंत सगळं धारदार हवं असेल तर लेन्स किंचित पुढे झुकवा. पुढची पायरी आणि मागचं पाणी एकाच पातळीत धारदार होतं. उभ्या गोष्टी, म्हणजे शिखर आणि झाडं, त्या पातळीबाहेर जातात. त्यासाठी मग लेन्स एफ/३२ पर्यंत बंद करायची.

क्रम अंगवळणी पडेपर्यंत तोंडाने म्हणत करा. ट्रायपॉड पक्का, कॅमेरा समतल. लेन्स पूर्ण उघडी. काळं कापड डोक्यावर, उलटं चित्र बघून चौकट ठरवायची. घड्याळजीच्या भिंगाने काचेवर फोकस. लेन्स बंद, एफ आकडा लावायचा. होल्डर सरकवायचा, क्षणभर थांबायचं, हललेला कॅमेरा स्थिर होऊ द्यायचा. डार्क स्लाइड (होल्डरचं सरकतं झाकण) बाहेर. एक्स्पोजर. डार्क स्लाइड परत आत, पण आता काळी बाजू बाहेर. पांढरी बाजू म्हणजे कोरी फिल्म आणि काळी म्हणजे वापरलेली, ही जुनी रीत पाळली तर एका फिल्मवर दोनदा फोटो पडत नाही.

काळ्या कापडाला बाहेरून पांढरं सुती अस्तर शिवून घ्या, ऊन परततं. सोलापुरी चादर डोक्यावर घेऊनही काम होतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला चालेल, मार्चनंतर प्रयत्न करू नका.

एक्स्पोजरसाठी मोबाइलवरचं मीटर पुरेसं आहे. एक्स-रे फिल्मला सुरुवातीला आयएसओ ५० धरा. शटर नसलेल्या लेन्सचा हिशोब असा: कडक उन्हात एफ/१६ ला आयएसओ ५० वर सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो, एफ/४५ ला साधारण सहावा. झाकण काढून लावायला हा वेळ फारच कमी. तेच दृश्य मोकळ्या सावलीत असेल तर एफ/४५ ला सव्वा सेकंदाच्या पुढे जातं, आणि झाकणाने 'एक हजार एक' म्हणत ते आरामात जमतं. पेपर निगेटिव्हला तर भर उन्हातही एफ/४५ ला तेवढाच वेळ लागतो. थोडक्यात, शटर नसेल तर फिल्म सावलीत आणि पेपर उन्हात, फक्त भर दुपार सोडून. जवळचं काही काढताना लेन्स पुढे जाते आणि उजेड कमी पडतो. लेन्स-फिल्म अंतराला फोकल लेन्थने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, तितक्या पट वेळ वाढवा. १५० ची लेन्स २१० वर गेली तर दुप्पट.

पहिली शीट चाचणीसाठी द्या. डार्क स्लाइड पूर्ण काढून एक सेकंद, मग पाव भाग झाकून आणखी एक सेकंद, अर्धा झाकून दोन, पाऊण झाकून चार. एकाच शीटवर १, २, ४ आणि ८ सेकंदांच्या पट्ट्या मिळतात आणि तुमच्या बॉक्समधल्या फिल्मचा खरा वेग कळतो.

डार्करूम

कायमची खोली लागत नाही. जुन्या माळवदाच्या घरात राहत असाल तर माजघर वापरा: खिडकी नाही, भिंती जाड, उन्हाळ्यातही गार. फ्लॅटमध्ये रात्री न्हाणीघर. दरवाज्याच्या फटीत काळं कापड, झडपेला काळा प्लास्टिक कागद. आत दहा मिनिटं बसा. डोळे सरावल्यावर जिथून उजेड दिसेल तिथे चिकटपट्टी लावा.

लाल उजेडासाठी, म्हणजे सेफलाइट म्हणून, लाल एलईडी बल्ब, ट्रेपासून चार-पाच फूट लांब. बाजारातले काही लाल बल्ब म्हणजे पांढऱ्या दिव्यावर लाल रंग असतो. ते चालत नाहीत. खात्री करायची तर फिल्मच्या पट्टीवर नाणं ठेवा, पाच मिनिटं लाल उजेडात राहू द्या, मग डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा बदला. एक्स-रे विभागांत जुना पिवळट-नारिंगी दिवा असायचा, तो ब्लू सेन्सिटिव्ह फिल्मसाठी. ग्रीन सेन्सिटिव्हला तो धोक्याचा.

सामान थोडंच: सपाट तळाचे तीन प्लास्टिक ट्रे, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, थर्मामीटर, मापाचं भांडं, गडद बाटल्या, हातमोजे. ट्रेच्या तळाला नक्षी असेल तर वर गुळगुळीत काच टाका, नाहीतर एक्स-रे फिल्मच्या खालच्या बाजूला रेघोट्या पडतात. हे ट्रे आणि भांडी परत स्वयंपाकघरात जाता कामा नयेत. आणि रसायन कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नका, चिठ्ठी लावूनसुद्धा.

रसायनं, आणि रंगाच्या दुकानातला घोळ

तयार पाकिटं मुंबई-पुण्याहून मागवता येतात, पण सुटी रसायनं स्वस्त पडतात. फिल्मसाठी मी डी-२३ हा डेव्हलपर सुचवीन, कारण त्यात दोनच जिन्नस आहेत: एक लिटरला मेटॉल साडेसात ग्रॅम आणि निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम. ७५० मि.लि. कोमट पाण्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग सगळं मेटॉल, ते विरघळल्यावर उरलेलं सल्फाइट, शेवटी पाणी घालून एक लिटर. क्रम उलटा केला तर मेटॉल विरघळतच नाही. पाणी आरओचं किंवा बॅटरीचं. बोअरचं जड पाणी नको.

पेपरसाठी डी-७२: मेटॉल ३ ग्रॅम, सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, निर्जल सोडियम कार्बोनेट साडेसदुसष्ट, पोटॅशियम ब्रोमाइड २, पाणी घालून एक लिटर. जिन्नस याच क्रमाने. वापरताना एका भागाला दोन भाग पाणी. डेव्हलपिंग थांबवणाऱ्या स्टॉप बाथला साधं पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी. चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरला हायपोचे खडे २५० ग्रॅम आणि सल्फाइट १५ ग्रॅम, पाणी एक लिटर. पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणि कॉस्टिक सोड्यापासून डेव्हलपर करण्याची कृतीही प्रसिद्ध आहे आणि ती चालते. पण कॉस्टिक डोळ्यात उडालं तर डोळा जातो, तेव्हा पहिल्या वर्षी तो उद्योग नको.

आता सोलापूरची खास अडचण. इथे चादर-टॉवेलच्या धंद्यामुळे रंग-रसायनांची दुकानं आहेत आणि आपल्याला लागणाऱ्या नावांसारखीच नावं तिथे रोज चालतात. 'हायपो द्या' म्हटलं की समोरून हमखास प्रश्न येतो, "हायड्रोस का, भाऊ?" नाही. हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, व्हॅट रंगाईला लागणारं. ओलं झालं तर तापतं, पेटही घेतं. आपल्याला सोडियम थायोसल्फेट हवं, पारदर्शक खडे. तसंच सल्फाइट, सल्फेट आणि सल्फाइड. डेव्हलपरमध्ये जातं ते सल्फाइट, आणि ते लॅब दर्जाचंच घ्या. सल्फाइड काळ्या सल्फर रंगाईत वापरतात. ते फिल्म काळी करतं, आणि व्हिनेगरसारख्या आम्लाशी गाठ पडली की विषारी वायू सोडतं. ते घरात आणूच नका. सल्फेट, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ग्लॉबर सॉल्ट, मात्र आपल्या उपयोगाचं आहे, त्याचं काम उन्हाळ्याच्या भागात येईल. सोडा ॲशही तिथलाच चालतो. धुण्याच्या सोड्याचे खडे घेतले तर त्यात पाणी असतं, म्हणून वजन पावणेतीन पट धरावं लागतं.

मेटॉलने काहींच्या त्वचेला खाज सुटते आणि एकदा सुटली की दर वेळी सुटते. हातमोजे त्यासाठी.

डेव्हलपिंग

डी-२३ आणि पाणी समान भाग, २४ अंश. चारही भांडी, म्हणजे डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर आणि धुण्याचं पाणी, एकाच तापमानाची. गरम-गारचा धक्का बसला की जिलेटिन सुरकुततं.

एका वेळी एकच शीट. आधी साध्या पाण्यात मिनिटभर भिजवा. डेव्हलपरमध्ये एका झटक्यात बुडवा आणि ट्रेची एकेक बाजू आलटून पालटून हळू उचलत राहा. बोट फिल्मच्या कडेलाच. सहा मिनिटांपासून सुरुवात करा. उजळ भाग आधी उमटतात. आकाश काळं पडून दोन-तीन मिनिटं झाली की सावल्यांतला तपशील दिसायला लागतो. लाल उजेडात निगेटिव्ह असते त्याहून जास्त गडद भासते, म्हणून घाईने बाहेर काढू नका. एक्स-रे फिल्म मुळात कॉन्ट्रास्टची. उजळ भाग फार दाट झाले तर पुढच्या खेपेला डेव्हलपर पातळ करा, वेळ नंतर बदला. दोन्ही एकदम बदललं तर काहीच कळत नाही.

स्टॉप बाथ अर्धा मिनिट. मग हायपो. फिल्मचा दुधी पांढरेपणा पूर्ण जायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ हायपोत ठेवा. दोन्ही बाजूंना इमल्शन असल्याने हा वेळ साध्या फिल्मपेक्षा जास्त. ताज्या हायपोत पट्टी किती वेळात साफ होते ते बाटलीवर लिहून ठेवा. तो वेळ दुप्पट झाला की हायपो संपला. टाकायच्या हायपोत चांदी असते. दवाखान्यांचा जुना हायपो चांदी काढणारे विकत घेत, ते याचसाठी. आपलं प्रमाण विकण्याजोगं नसतं, पण तो उघड्या गटारात किंवा झाडांना ओतू नये. बाटलीत लोखंडी काथ्या टाकून काही दिवस ठेवला की चांदी त्यावर बसते आणि लोखंड विरघळतं.

धुण्यासाठी नळ सोडून ठेवायची चैन इथे नाही, आणि तशी गरजही नाही. इलफर्डची रीत फिल्म डेव्हलप करायच्या बंद डब्यासाठी आहे: पाणी भरा, पाच वेळा उलटंपालटं करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा, वीस वेळा. ट्रेमध्ये हेच काम पाच पाण्यांत करा, प्रत्येक पाण्यात दोन-तीन मिनिटं हलवत. पाच तांब्यांत एक निगेटिव्ह धुऊन निघते. ही काटकसर साध्या हायपोलाच लागू आहे. तुरटी घातलेल्या फिक्सरला खूप जास्त धुवावं लागतं. शेवटचं पाणी आरओचं, त्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंबांत साचू न देणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब. नळाच्या पाण्याने शेवट केला तर वाळल्यावर क्षारांचे ठिपके राहतात, ते निघत नाहीत.

वाळत घालायची जागा बंद न्हाणीघर, पंखा बंद. पूर्व भागात यंत्रमागाच्या शेजारी राहणाऱ्यांनी याची दुप्पट काळजी घ्यावी. हवेतलं कापसाचं तूस ओल्या जिलेटिनवर बसलं की तिथेच रुतून राहतं.

प्रिंट

फोमची शीट, त्यावर आरसी पेपर चकचकीत बाजू वर, त्यावर निगेटिव्ह, वर पाच-सहा मि.मी. जाडीची काच. वरून मीटरभर उंचीवर कमी वॅटचा साधा बल्ब. कागदाच्या पट्टीवर पुठ्ठा सरकवत २, ४, ८, १६ सेकंदांची चाचणी घ्या. डी-७२ मध्ये दीड-दोन मिनिटं पूर्ण होऊ द्या. प्रिंट लवकर काळा होतोय म्हणून मध्येच उचलला तर करडा आणि डागाळ होतो. काळेपणा वेळेने नाही, उजेडाने आवरायचा. प्रिंट मऊ हवा तर बल्ब आणि कागद यांच्यामध्ये पिवळा फिल्टर, कडक हवा तर किरमिजी. हे फक्त मल्टिग्रेड, म्हणजे फिल्टरने कॉन्ट्रास्ट बदलता येणाऱ्या, पेपरला लागू.

आरसी पेपर चार पाण्यांत धुऊन होतो. फायबर पेपर (प्लास्टिकचा थर नसलेला) सुंदर असतो हे मान्य, पण त्याला तासभर पाणी लागतं. नळाला पाणी नसलेल्या दिवशी तो धुवायला घेतला तर घरातले लोक कॅमेऱ्यासकट बाहेर काढतील.

खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी होल्डर आणि लेन्स, मग काटा आणि थर्मामीटर, मग रसायनं, मग एक्स-रेचा एक बॉक्स. एन्लार्जर, टायमर, महागडा सेफलाइट यांवर पहिल्या वर्षी पैसे घालू नयेत. लार्ज फॉरमॅटची महाग फिल्म विकत घ्यायची वेळ येते ती एक्स-रेचा बॉक्स संपल्यावर.

उन्हाळ्यात

मार्च ते मे काम थांबवायची गरज नाही, पद्धत बदलायची. इथली कोरडी हवा माठाला मानवते, माठातलं पाणी खोलीतल्या पाण्यापेक्षा बरंच गार असतं. डेव्हलपर त्यात पातळ करा. ट्रे मोठ्या परातीत ठेवून परातीत गार पाणी ओता, फ्रीजमधली बर्फाची बंद बाटली परातीत टाका. बर्फ डेव्हलपरमध्ये नको. हायपोचे खडे विरघळताना पाणी स्वतःच गार होतं, म्हणून ते आदल्या दिवशी करून ठेवा, नाहीतर सगळ्या ट्रेंत तो एकटाच थंडगार.

तरीही तापमान २७-२८ च्या वर राहिलं तर ग्लॉबर सॉल्ट कामाला येतं. लिटरभर डेव्हलपरमध्ये निर्जल सोडियम सल्फेट ४५ ग्रॅम (खडे असतील तर १०० ग्रॅमच्या आसपास) घातलं की जिलेटिन फुगत नाही आणि सुटून येत नाही. उष्ण प्रदेशांसाठीच्या कोडॅकच्या डीके-१५ डेव्हलपरमध्ये हीच युक्ती आहे. सल्फेटने डेव्हलपिंग थोडं मंदावतं, उष्णतेने वेगावतं. प्रत्येक वाढीव अंशाला वेळ दहाएक टक्के कमी करून चाचणी घ्या. ३२ च्या पुढे मात्र थांबा.

आणि ज्या उन्हाने हे सगळं अवघड केलं, त्याच उन्हात प्रिंट काढा. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेल्या सायनोटाइपला ना सेफलाइट लागतो, ना डेव्हलपर. हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मि.लि. पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मि.लि. पाण्यात. दोन्ही वेगळ्या गडद बाटल्यांत. वापरायच्या वेळी समान भाग एकत्र करून ब्रशने कागदावर लावा आणि अंधारात वाळवा. फेरिसायनाइड हे सायनाइड नव्हे, पण तीव्र आम्लापासून दूर ठेवा. सायनोटाइपला कॉन्ट्रास्टची निगेटिव्ह लागते, आणि एक्स-रे फिल्म नेमकी तशीच देते. जी निगेटिव्ह आरसी पेपरवर फार कडक म्हणून बाजूला ठेवली होती, ती इथे काढा. काचेखाली दाबून उन्हात ठेवा, पाच ते पंधरा मिनिटं, गडद भाग राखाडी-करडे होईपर्यंत. मग पिवळेपणा जाईपर्यंत पाण्यात. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात आणि क्षाराने निळा फिका पडतो, म्हणून पहिल्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर.

हेच द्रावण सुती कापडावरही चालतं, पण कापड कोरं नको. मागावरच्या ताण्याला लावलेली खळ त्यात असते, ती गरम पाण्यात धुऊन आधी काढावी लागते. प्रिंट दोन दिवसांत हवेनेच आणखी गडद होतो. पुढे हे कापड धुताना फक्त साधं पाणी. धुण्याच्या सोड्यात पडलं तर निळा उडतो आणि पिवळट डाग तेवढे राहतात, तेव्हा घरात आधीच सांगून ठेवा.